मेहुण्याच्या व्हॅनवरचं नाव

मेहुण्याने नोकरी सोडली तेव्हा मी त्याला एकच मदत करायचं ठरवलं, आणि तीसुद्धा त्याने मागितलेली नव्हती.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तुंबलेले पाइप साफ करणाऱ्या एका कंपनीत त्याची अर्धी उमर गेली होती. सिंक असो, संडास असो, नाहीतर अंगणातलं चेंबर, हा सळई आणि मशीन घेऊन आत शिरला की पाणी निमूट वाहायला लागायचं. आता त्याने स्वतःचं मशीन आणि एक जुनी व्हॅन घेतली होती. निघताना जुना मालक त्याला म्हणाला होता, "तुझी जागा थोडे दिवस रिकामी ठेवतो. जमलं नाही तर ये परत." हे म्हणताना तो हसला होता. ते हसणं मेहुण्याला फार लागलं होतं.

"भाऊजी, व्हॅनवर नाव तेवढं टाकायचं राहिलंय," तो म्हणाला. "मी म्हणतो, सरळ 'गटार साफ' असंच लिहावं."

मी डोळे मिटून घेतले. (मी ऑफिसात परिपत्रकं लिहितो. 'जाताना पंखे बंद करा' एवढीच गोष्ट मी कुणाचंही मन न दुखावता दीड पानात मांडू शकतो. त्यामुळे असली भाषा कानावर पडली की मला त्रास होतो.)

"गटार हा शब्द लोकांना घरात नको असतो," मी म्हणालो.

"पण ते घरातच तुंबतं ना?" बायको आतून म्हणाली.

मी तिकडे दुर्लक्ष केलं. नाव कसं हवं? छोटं हवं, तोंडात बसणारं हवं, आणि ऐकल्याबरोबर माणसाला बरं वाटलं पाहिजे. जेवताना, दाढी करताना, ऑफिसात परिपत्रकं लिहिताना मी हाच विचार करत होतो. (त्या आठवड्यात पंख्यांबद्दलचं एक परिपत्रक पाऊण पानातच संपलं. साहेबांनी तब्येतीची चौकशी केली.) आणि एक दिवस नाव सुचलं. 'मोकळीक'. त्याखाली लहान अक्षरांत, 'तुंबून राहू नका. एक फोन करा.'

पेंटरने विचारलं, "चित्र काय काढू? पाइप?"

"छे! सुटकेचा निःश्वास काढा."

पेंटर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने डोळे मिटून छातीवर हात ठेवलेली एक बाई काढली. छान काढली होती.

"यात पाइप कुठंय?" मेहुण्याने हळूच विचारलं.

"पाइप सुचवायचा असतो," मी म्हणालो.

तो गप्प बसला. मोठ्या बहिणीच्या नवऱ्यापुढे गप्प बसायची त्याच्या घरी पद्धत आहे. (त्याच्या बहिणीला ती कुणी शिकवली नाही.)

मेहुण्याचे हात कायम पाइपात, म्हणून धंद्याचा फोन आमच्या घरी ठेवला. दिवसा बायको घेणार, संध्याकाळी मी. पहिला फोन माझ्याच वाट्याला आला. एका बाईंचा होता.

"मोकळीक का?"

"हो, बोला. कुठे तुंबलंय?"

पलीकडून एक लांब उसासा ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "कुठे म्हणून सांगू? सगळीकडेच."

"किती दिवस झाले?"

"लग्न झाल्यापासून."

"म्हणजे जुनं दिसतंय. आवाज येतो का?"

"रात्रभर. भिंत हादरते."

"आधी कुणाला दाखवलं होतं?"

"सासूबाईंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, लहानपणापासून असंच आहे."

"काळजी करू नका," मी म्हणालो. "माझा माणूस येईल, लांब सळई आत घालेल, नाहीतर वरून जोरात पाणी मारेल. एकदम मोकळं होईल."

फोन बंद झाला. लाइन खराब असणार, असं मी मेहुण्याला सांगितलं.

पुढचा फोन एका निवृत्त मास्तरांचा. त्यांनी नुसता पत्ता दिला आणि "लवकर या, आता सहन होत नाही," म्हणाले. मेहुणा मशीन घेऊन धावला. परतला तो अंधार पडल्यावर, लाल डोळ्यांनी.

"मोठं काम होतं?"

"त्यांचा सख्खा भाऊ त्यांच्याशी बोलत नाही," मेहुणा म्हणाला. "घराच्या वाटणीवरून."

"आणि पाइप?"

"पाइप चांगला वाहत होता, भाऊजी."

मी म्हटलं, लोकांना सवय व्हायला वेळ लागतो. जाहिरात व्हावी म्हणून मी व्हॅन आमच्याच दारासमोर लावायला लावली. रस्ता वर्दळीचा होता आणि बाईचं चित्र थेट आमच्या खिडकीखाली येत होतं. मेहुण्याला काम नसल्यामुळे व्हॅन दिवसभर तिथेच उभी असायची.

एका संध्याकाळी बायको भाजी घेऊन आली आणि पिशवी तिने टेबलावर जरा जोरातच ठेवली.

"वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, धीर सोडू नकोस, पुरुष हळूहळू सुधारतात."

"कोण पुरुष?"

"आपल्या घरात किती आहेत?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि बसा म्हणाले. (इतक्या वर्षांत त्यांनी मला बसा म्हटलेलं नव्हतं.)

"घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो, साहेब."

"आमच्या हिची मैत्रीण तुमच्या बिल्डिंगमध्ये राहते. ती म्हणत होती, ती गाडी तुमच्या दारात रोज असते."

"ती मेहुण्याची आहे, साहेब."

"अरेरे! म्हणजे माहेरचे लोकही मध्ये पडलेत?" साहेब पुढे वाकले. "आज लवकर घरी जा. बायकोशी बोला."

"बोलतो की, साहेब."

"तसं प्रत्येक नवऱ्याला वाटतं."

मी लवकर घरी आलो. बायको व्हॅनजवळ स्टुलावर उभी होती, हातात ब्रश. निःश्वास टाकणारी बाई कमरेपर्यंत पांढरी झाली होती.

"अगं, हे काय?"

"मी सकाळी त्याच्याकडे गेले होते," ती वळूनही न बघता म्हणाली. "जुन्या कंपनीचा शर्ट धुऊन दोरीवर वाळत घातलाय त्याने. उद्या मालकाकडे जाणार होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलला नाही."

मेहुणा व्हॅनच्या पलीकडे, रंगाचा डबा धरून जमिनीकडे बघत उभा होता. मला काय बोलावं सुचेना. परिपत्रक असतं तर सुचलं असतं.

"स्टूल हलतंय," बायको म्हणाली. "धरा."

मी धरलं. तिने भावाला विचारलं, "जुन्या कंपनीत लोक फोन करून काय म्हणायचे रे?"

"गटारवाल्याला पाठवा म्हणायचे."

तिने मोठ्या, काळ्या अक्षरांत 'गटारवाला' असं लिहिलं. खाली 'सिंक, संडास, चेंबर. लगेच येतो.' आणि फोन नंबर. 'ट' जरा वाकडा आला. मी तो दाखवला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी पुन्हा स्टूल धरलं.

रंग वाळायच्या आत वरच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "अगं बाई, हा गटार साफ करतो होय? आधी सांगायचं ना! आमचं सिंक किती दिवस बंद पडलंय!"

मेहुण्याने डबा माझ्या हातात दिला आणि मशीन घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. खाली आला तेव्हा त्याच्या बाह्या काळ्या झाल्या होत्या आणि चेहरा फुलला होता. त्या दिवसापासून फोन थांबला नाही. जुन्या मालकाकडे तो गेलाच नाही. ऑफिसात मात्र मी आता 'गटारवाल्याचे भाऊजी' आहे. साहेबसुद्धा तेच म्हणतात, आणि बसा म्हणत नाहीत.

गेल्या महिन्यात मेहुण्याला मुलगी झाली. सगळे तिच्याभोवती बसून नाव काय ठेवायचं याची चर्चा करत होते. मी घसा खाकरला.

खोली एकदम शांत झाली.

"भाऊजी," मेहुणा घाईघाईने म्हणाला, "व्हॅन नीट लावलीय का, जरा खाली जाऊन बघता?"

मी बघून आलो. नीट लावली होती. वर येईपर्यंत मुलीचं नावही ठरलं होतं.