शून्य फीचा अर्धा एकर

अपेक्षा जर्मनीला शिकायला गेली तर महिपतीच्या पदरात बरंच काही पडणार होतं. मुलगी इंजिनियर होतीच, ती परदेशी इंजिनियर झाली असती. दोन वर्षांनी तिचा पगार युरोत आला असता. शिवाय कुरवंड्यातून परदेशी गेलेलं दुसरं लेकरू त्याच्या घरचं ठरलं असतं. पहिलं दत्तोबाचं होतं, आणि खरी टोचणी तीच होती. खर्चाच्या बाजूला मात्र लिहिण्यासारखं फारसं नव्हतं. तिथल्या सरकारी विद्यापीठात फीच नव्हती.

देशांची यादी अपेक्षानं कॅलेंडरच्या पाठीमागं केली होती. इंग्लंड, पस्तीस लाख. आयर्लंड, तीस. ऑस्ट्रेलियापुढचा आकडा तिनं स्वतःच घाबरून खोडला होता. जर्मनीपुढे नुसतं शून्य.

“ह्ये शून्य कशाचं गं?” महिपतीनं विचारलं.

“फीचं, आबा. सहामाहीला थोडी वर्गणी असते, तेवढीच. आणि पहिल्या वर्षाच्या राहण्याखाण्याचे बारा लाख आधीच खात्यात भरून दाखवायचे. ते आपलेच असतात, दर महिन्याला थोडे थोडे काढायचे.”

“फुकट शिकवत्यात? का म्हून?”

“त्यांचं धोरण आहे.”

“धोरन आपल्या झेडपीच्या शाळंचंबी हाय. पन तितं कलेक्टरची पोरं जात न्हाईत.”

चुलीपुढून त्याची बायको बयाबाई म्हणाली, “अवं, फुकट हाय तर घ्या की गुमान. का कुनाला तरी पस्तीस लाख दिल्याबगर तुमाला जेवान जायाचं न्हाई?”

बारा लाखांची सोयही जवळपास झाली होती. रस्त्याकडेचं भातखाचर तारण ठेवून बँक शिक्षणकर्ज द्यायला तयार होती. सातबाऱ्यावर महिपतीच्या जोडीला त्याच्या थोरल्या बहिणीचं, सावित्राबाईचं नाव होतं. तिची संमतीची सही तेवढी हवी होती. ती आंदर मावळात दिलेली. जाऊन येऊ रविवारी, असं महिपतीनं ठरवलं. रविवारच्या आधी शनिवार आला, आणि शनिवारी तो चहाच्या टपरीवर गेला.

टपरीवर दत्तोबा होता. दत्तोबा महिपतीच्या भावकीतला, धंद्यानं जमिनीचा एजंट. त्याचा सत्यम इंग्लंडला होता आणि त्याची पस्तीस लाख फी दत्तोबा दर कपामागे एकदा सांगायचा.

“काय महिपती, पोरगी चालली म्हनं. फी किती?”

शून्य हा शब्द महिपतीच्या जिभेवर आला होता. पण बाकड्यावर चार माणसं कप हातात धरून थांबली होती, आणि त्यांच्यापुढे शून्य ठेवायचं म्हणजे पंगतीत रिकामं ताट ठेवल्यासारखं त्याला वाटलं.

“चाळीस,” तो म्हणाला.

“चाळीस लाख? आन् आनलं कुठनं?”

“काढला अर्धा एकर. वीस गुंठं, गुंठ्याला दोन लाखाच्या भावानं.” हिशेब इतका चोख जुळला की क्षणभर महिपतीलाही तो खरा वाटला.

बाकड्यावर पाऊण मिनिट कुणी बोललं नाही. आयुष्यात महिपतीला इतका मान कधी मिळाला नव्हता. मग दत्तोबानं कप खाली ठेवला.

“गिऱ्हाईक कोन?”

“मुंबैचं हाय.”

“आन् एजंट?”

“एजंट कशाला? परस्परच केला.”

दत्तोबाचा चेहरा पडला. सत्यमचे पस्तीस मागं पडले ते त्यानं एक वेळ सोसलं असतं. पण भावकीत एजंट बसलेला असताना अर्धा एकर परस्पर जातो, हे त्याच्या काळजाला लागलं. चहाचे पैसे न देताच तो उठला.

त्यानंतरचे सहा दिवस महिपतीचे उंबऱ्यावरच गेले. उत्सवाची वर्गणी पाचशेवरून अकरा हजारांवर चढली. पावतीपुस्तक घेऊन आलेला मारुती म्हणाला, “आबा, अर्धा एकर काढलेल्या मानसाची पाचशेची पावती मी कोनत्या तोंडानं फाडू?” एका चुलतभावानं ट्रॅक्टरच्या हप्त्याला हातभार मागितला. दुसऱ्यानं काही मागितलं नाही, पण रोज सकाळी येऊन चहा पिऊन जाऊ लागला. या गडबडीत आंदर मावळचा रविवार हुकला. व्हिसाची तारीख बावीस दिवसांवर आली, तेव्हा महिपतीनं एसटी पकडली, शेवटचा तासभर पायी तुडवला आणि आक्काच्या अंगणात जाऊन बसला.

सावित्राबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, पण गूळ काही दिला नाही. महिपतीनं ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

“आक्का, अपेक्षाच्या कर्जाला तुझी एक सही पायजे.”

“आनिक एक? जिमीन इकताना न्हाई लागली ती?”

“कोन म्हनलं इकली?”

“दत्तोबा आलता मोटारसायकलवर. माझं अभिनंदन करायला. म्हनला, सावित्राबाई, वीस लाख आलं का तुमच्या वाटनीचं?”

“आक्का, इकली न्हाई. मी थाप मारली.”

“थाप? आन् चाळीस लाखाची फी?”

“तीबी थाप. फी न्हाईच. फुकट हाय.”

सावित्राबाईनं सुनेला बाहेर बोलावलं. “ऐक गं ऐक. इमानात बसून जायाचं, गोऱ्या सायबाकडं शिकायचं, आन् तेबी फुकट! आरं, आमच्या बालवाडीतली बाई डबा धुवायचं पैसं मागती.”

महिपतीनं घाईनं अपेक्षाला फोन लावून पुढे धरला. “खरंच, आत्या, फी नाही,” अपेक्षा म्हणाली.

“पोरीलाबी पढवून ठिवलंय,” सावित्राबाई फोनकडं बघत म्हणाली.

“सातबारा काढून आन! तुझं नाव जाग्यावर हाय.”

“दत्तोबा म्हनला, नाव उतरायला सा-सा म्हयनं लागत्यात. आन् मागच्या साली पीक इम्याला म्हनून माझ्या तीन सह्या घेतल्यास, त्या कुटं हायेत?”

सह्या पीक विम्याच्याच होत्या. पण ज्या तोंडानं चाळीस लाख सांगितले, त्याच तोंडानं हे सांगायचं होतं. अंधार पडेपर्यंत महिपती सांगत राहिला. सावित्राबाईचं एकच म्हणणं, “माझी वाटनी आन, मंग पायजे तितं सही.”

बँक संमतीशिवाय हलेना. व्हिसाची तारीख कुणासाठी थांबेना. ती हुकली असती तर अपेक्षाची जागाच गेली असती. यादीतल्या दुसऱ्या कुठल्याही देशाचा आकडा महिपतीला झेपणारा नव्हता. शेवटी तो ज्याच्याकडे जाऊ नये त्याच्याकडे गेला.

“अर्धा एकर काढायचाय,” तो म्हणाला.

“आनिक अर्धा?” दत्तोबाचे डोळे मोठे झाले. “आता तरी कागद माझ्या हातनं कर.”

दत्तोबानं चार दिवसांत गिऱ्हाईक आणलं. माणूस नडलेला आहे हे गिऱ्हाइकाला वासानं कळतं. भाव एक लाख ऐंशी हजारांवर थांबला. छत्तीस लाख, बहीणभावाला अठरा-अठरा; वाटणी हातात पडतेय म्हटल्यावर सावित्राबाईही सहीला आली. लोणावळ्याला खरेदीखत झालं, फोटो निघाले, अंगठे उठले. गाडीला वेळ होता म्हणून सगळे बाहेर बाकावर बसले. अपेक्षाही आली होती, आईला घेऊन.

दत्तोबानं अपेक्षाकडं पाहिलं आणि कसनुसं हसला. “काल सत्यमचा फोन आलता. म्हनला, पप्पा, जर्मनीत फीच नसती. त्याच्या खोलीतलं पोरगं आता तिकडंच चाललंय. मी येडा पस्तीस भरून बसलो. मला वाटलं, कमी पैशात हाय म्हंजी काईतरी खोट आसनार.”

सावित्राबाई पिशवीत चेक ठेवत होती, तिचा हात थांबला.

“महिपती, म्हंजी त्या दिशी तू खरं बोलत हुतास?”

“व्हय, आक्का.”

“जिमीन इकली नव्हती?”

“न्हाई.”

“नुसती तारन ठिवायला सही पायजे हुती?”

“एक सही. दोन वर्सांनी पोरीनं फेडलं आसतं, खाचर मोकळं झालं आसतं.”

सावित्राबाई हलक्या आवाजात म्हणाली, “आरं, त्या टपरीवर जायाच्या आधी माझ्याकडं आला आसतास तर तोंडातनं सबूद काढला नसता मी. तितंच सही दिली आसती. भाचीच्या शिक्षनाला कोन आडवं येतं?”

बयाबाईनं पदरानं डोळे टिपले. अपेक्षानं बापाच्या हातावर हात ठेवला, आणि तोच त्याला जास्त लागला.

“आत्ता तरी काय करायचं?” सावित्राबाई म्हणाली.

“आता कागद रजिस्टर झाला,” दत्तोबा घाईनं म्हणाला. सावित्राबाईनं सुस्कारा टाकला आणि चेक पिशवीच्या तळाशी नीट ठेवून दिला.

सप्टेंबरात अपेक्षा गेली. पुढच्या पावसाळ्यात पेरणीच्या वेळी महिपतीला सवयीनं खाचराकडं जावंसं वाटलं, पण तिथं तारेचं कुंपण पडलं होतं. गावात मात्र त्याचं नाव झालं. पहिला अर्धा एकर गावानं आधीच मोजलेला होता, त्यात हा मिळवून महिपतीनं एक अख्खा एकर विकला असं ठरलं. पहिला अर्धा विकलाच नव्हता, असं तो सांगू लागला की लोक मान डोलवत. पुढच्या उत्सवाला मारुतीनं एकवीस हजारांची पावती फाडली.

तेव्हा शेवटची बेरीज अशी: विद्यापीठानं फी घेतली नाही. सावित्राबाईला अठरा लाख मिळाले, त्यातली पाचशेची नोट तिनं भाचीच्या हातावर ठेवली. दत्तोबाला दोन्हीकडून दोन-दोन टक्के मिळाले. महिपतीला पाऊण मिनिटाची शांतता मिळाली, आणि सगळ्यांचं बिल त्यानंच भरलं.