सरोजक्का आणि साठचा बोर्ड

दुधाची पिशवी हातात आली की सरोजक्का आधी ती उजेडात धरतात. मग उलटी करतात. मग तिच्यावर छापलेली तारीख वाचून दुकानदाराला विचारतात, “ही तारीख कुणी ठरवली?”

“कंपनीनं, अक्का.”

“कंपनीतल्या कुणी?”

दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. सरोजक्का पिशवी घेतात, पण पराभव पत्करून नव्हे. उत्तर टाळलं गेलं म्हणजे आपला संशय बरोबर होता, या समाधानात त्या घरी येतात.

आम्ही पुण्याहून बेंगळुरूत येलहंकाला राहायला आलो तेव्हा आमच्या मजल्यावर समोरचं दार त्यांचं होतं. पहिल्याच दिवशी पाण्याच्या मोटरचं विचारायला मी बेल वाजवली. दार साखळीएवढंच उघडलं. फटीतून एका डोळ्यानं माझी कानडीत चौकशी केली, मग हिंदीत. मला कानडी येत नव्हती आणि माझी हिंदी त्या डोळ्याला पटत नव्हती. मी नवऱ्याला फोन लावून म्हटलं, “निखिल, समोरच्या बाई दार उघडत नाहीयेत रे.” साखळी लगेच निघाली.

“मराठी हाय होय? मग आधी सांगायचं की.” आत बोलावून त्यांनी मला खुर्ची दिली, समोर बसल्या आणि नीट न्याहाळून म्हणाल्या, “पुणं सोडून हिकडं का आलात?”

“नोकरीसाठी.”

“पुण्यात नोकऱ्या न्हाईत?”

“आहेत, पण…”

“मग काय तर भानगड हाय,” असं म्हणून त्या चहा टाकायला उठल्या.

अक्का मूळच्या निपाणीच्या. लग्न होऊन बेंगळुरूत आल्या आणि एका कपड्यांच्या कारखान्यात चेकिंगला लागल्या. शिवून आलेला प्रत्येक शर्ट ताणून, उलटा करून बघायचा आणि त्यात खोट शोधायची, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. नवरा गेला, मुलगा होसकोटेला कंपनीजवळ राहायला गेला, नोकरी संपली. नजर तेवढी राहिली. ती आता पिशवीवरची तारीख, लिफ्टमधली नोटीस, माझ्या हातचं वरण, जे समोर येईल त्याच्यावर चालते.

अशात आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, मागून नवा रस्ता झाला. आधी तिथे नाचणीची शेतं आणि मधून जाणारी एक पायवाट होती. शेतं गेली, मग दोन वर्षं धूळ खाल्ली, आणि एक दिवस चौपदरी, काळाकुळकुळीत, मधे दुभाजक असलेला रस्ता खुला झाला. आम्ही सगळे खूश होतो. निखिल तर रविवारी नुसता गाडी फिरवून आला. रस्त्याच्या तोंडाशी लाल वर्तुळात ‘६०’ असा बोर्ड लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली.

“साठ कुणी ठरवलं?” सरोजक्का दारातूनच म्हणाल्या.

“काय साठ?”

“त्या बोर्डावरचं. पन्नास का न्हाई? सत्तर का न्हाई? कुणी तर खुर्चीत बसून साठ म्हटलं असणार. ते कोण?”

मी म्हटलं, “अक्का, काहीतरी नियम असेल.”

“नियमाला हात असत्यात व्हय बोर्ड लावायला?”

पुढच्या काही दिवसांत त्यांनी संशयितांची यादीच मला तोंडपाठ म्हणून दाखवली. पहिला संशय रस्त्याच्या टोकाच्या टायरवाल्यावर: वेग जास्त, टायर लवकर झिजणार, धंदा त्याचा. तो काही दिवसांत मागे पडला, कारण टायरवाल्याच्या दुकानात गिऱ्हाईकच दिसेना. मग पाळी आली नव्या टॉवरच्या बिल्डरची. त्याच्या जाहिरातीत विमानतळ अवघ्या काही मिनिटांवर असल्याचं लिहिलं होतं. “चाळीसनं गेलं तर तेवढ्यात पोचता येत न्हाई. साठनं येतंय. नोडु, बघ, आता कळालं?” मला काय कळायला हवं होतं ते मला कळलं नाही, पण त्या संध्याकाळी गाडीतून जाताना मीही त्या जाहिरातीकडे जरा वाकड्या नजरेनं पाहिलं. सरोजक्कांच्या शेजारी राहिलं की हे होतं.

शेवटी मी त्यांना वाहतूक पोलिसांच्या कार्यालयात घेऊन गेले. म्हटलं, एकदा विचारून टाका आणि विषय संपवा. तिथले साहेब भले निघाले. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं की रस्ता उघडताना आराखड्यावरून साठ धरलं आहे. आता वाहनं प्रत्यक्षात कशी चालतात ते इंजिनिअर लोक या आठवड्यात बघतायत. त्यांचा अहवाल आला की पक्कं काय ते ठरेल.

बाहेर पडल्यावर अक्का म्हणाल्या, “चहा का दिला त्यानं?”

“माणुसकी म्हणून.”

“मी इतक्या वर्षांत एक शर्ट पास केला न्हाई चहा पिऊन. जो चहा द्यायचा त्याच्या मालात हमखास खोट असायची.”

पण इंजिनिअर या आठवड्यात येणार, हे त्यांनी बरोबर टिपलं होतं. गुरुवारी दुपारी त्यांनी मला गॅलरीतून खूण करून खाली बोलावलं. माझी एक मीटिंग नुकतीच संपली होती, म्हणून मी चपला घालून गेले. नव्या रस्त्याच्या कडेला करंजाच्या झाडाखाली एक पांढरी गाडी उभी होती. आत दोन माणसं. एकाच्या हातात बंदुकीसारखं काहीतरी, तो ते येणाऱ्या वाहनांवर रोखत होता.

“जमीन मोजायलेत,” अक्का कुजबुजल्या. “उरलेला लेआउट पण घेणार.”

मी काही म्हणायच्या आत त्या गाडीपाशी जाऊन काचेवर टकटक करत्या झाल्या. चष्मेवाल्या मध्यमवयीन माणसानं काच खाली केली. तो इंजिनिअर होता, नाव मंजुनाथ. कानडीत जे बोलणं झालं त्यातलं अर्धं मला कळलं, उरलेलं अक्कांनी नंतर सांगितलं. तो म्हणाला, हे वेग मोजायचं यंत्र आहे. आम्ही आडोशाला बसून बघतो की मोकळ्या रस्त्यावर लोक आपणहून कोणत्या वेगानं चालवतात. शंभरातले पंच्याऐंशी जण ज्या वेगाच्या आत असतात तो आकडा काढायचा आणि त्याच्या आसपास मर्यादा ठेवायची. लोकांना जो वेग बरा वाटतो त्याच्यापेक्षा फार कमी लिहिलं तर कुणी पाळत नाही, निम्मे हळू आणि निम्मे जोरात जातात, आणि त्यातच अपघात होतात.

अक्कांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हणजे कुलूप केवढं लावायचं ते तुम्ही चोरांना विचारायलात.”

मंजुनाथ हसला. वाईट वाटून न घेता हसला, म्हणून मला तो आवडला. तो म्हणाला, “नुसतं तेवढंच नाही, अम्मा. शाळा आहे का, वळण आहे का, माणसं रस्ता ओलांडतात का, हेही बघतो. पण तुम्ही स्वल्प बाजूला व्हा. तुम्हाला बघून सगळे ब्रेक मारतायत. माझे आकडे बिघडतायत.”

खरंच होतं. अक्का कंबरेवर हात ठेवून रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या आणि त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आलेली प्रत्येक गाडी गुन्हा केल्यासारखी हळू होत होती.

“मग मीच उभी राहते की रोज,” अक्का म्हणाल्या. “बोर्ड कशाला पायजे?”

झाडाआड सरकून त्यांनी पुढचं विचारलं, “माणसं ओलांडतात का ते बघितलंत?”

“बघितलं. इथं कुणीच ओलांडत नाही. त्यामुळे साठ राहायला हरकत दिसत नाही.”

अक्कांचा चेहरा बदलला. इतका वेळ त्यांच्या संशयात एक प्रकारची मजा होती, ती गेली. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “ओलांडता येत न्हाई म्हणून कुणी ओलांडत न्हाई. आणि कुणी ओलांडत न्हाई म्हणून साठ. सरी, बरं हाय.”

मंजुनाथनं यंत्र मांडीवर ठेवलं. “हे आम्हाला गाडीत बसून दिसत नाही,” तो म्हणाला. “कुणाला ओलांडायचंय, ते तुम्ही दाखवा. मी अहवालात घेतो.” आणि त्यानं मला आपला नंबर दिला.

घरी येताना मला एक कल्पना सुचली. सोसायटीतल्या दहा-बारा बायका गोळा करू, उद्या हे लोक बसले असताना घोळक्यानं इकडून तिकडे जाऊ. झाली की माणसांची ये-जा.

अक्का जिन्यातच थांबल्या. “त्यांच्यातल्या कुणाला पलीकडं काम हाय?”

“नाही, पण कुणाला कळणारे?”

“मला कळणार,” त्या म्हणाल्या. “खोटा माल पास करायला मला सांगू नको.”

मग दारापाशी पोचून त्यांनी किल्ली काढली. म्हणाल्या, “उद्या चारला खाली ये. त्या इंजिनिअरला पण सांगून ठेव. बाकी कुणाला आणू नको.”

रोज दुपारी चारच्या सुमारास अक्का कुठेतरी जातात हे मला माहीत होतं. कुठे ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याबद्दल माझ्याही मनात शंका होत्या. निखिलचं म्हणणं होतं त्या कुठल्यातरी भिशीत असणार. मला वाटायचं, टायरवाल्यावर पाळत ठेवायला जात असतील.

शुक्रवारी चारला मी गेले. मंजुनाथ झाडाखाली उभा होता. अक्का रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसल्या होत्या, इस्त्रीची साडी, केसांत मोगऱ्याचा छोटा गजरा. मी त्यांना गजऱ्यात पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्या पलीकडे बघत राहिल्या.

थोड्या वेळानं समोरच्या जुन्या गावातल्या गल्लीतून एक म्हातारी काठी टेकत आली. दुभाजकापलीकडे, रस्त्याच्या त्या काठावर, सिमेंटच्या पाइपावर ती बसली. अक्कांनी हात वर केला. तिनं काठी वर केली. मधून एक टँकर गेला, मग मोटारसायकली, मग विमानतळाच्या टॅक्सी, आणि त्या दोघी बसून राहिल्या.

“कोण आहेत?” मी विचारलं.

“वेंकटम्मा. माझ्याच लाइनला शिवायची. कॉलर वाकडी शिवायची, मी परत पाठवायची. आधी सहा महिने नुसतं भांडान.” पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या बोलत होत्या. “मग तिच्या नादानंच इथं जागा बघितली. पायवाटेनं रोज यायची ती, न्हाईतर मी जायची. रस्ता झाला तसं बंद झालं. तिला ऐकू येत न्हाई, फोनवर बोलून उपयोग न्हाई. पहिले काही दिवस मला वाटलं, रुसली असणार, काय तर भानगड हाय. म्हणून बघायला आले तर ही अशी बसलेली.”

“रिक्षानं जायचं ना अक्का.”

“वळसा लांबचा. एवढ्याशा पल्ल्याला कोण येतंय रोज.”

“मग मला सांगायचं. मी हात धरून नेलं असतं.”

“आणि लोकांनी काय म्हणायचं? सगळ्या गावाचं चेकिंग करणाऱ्या बाईला रस्ता ओलांडायचं भ्या वाटतंय?” त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. “दोनदा उतरले मी. दुभाजकापर्यंत पण जाता आलं न्हाई. परत आले.”

मंजुनाथ पलीकडे बघत होता. मग त्यानं खिशातून फोन काढला, फोटो घेतला आणि अक्कांना विचारलं, आधीची पायवाट नेमकी कुठून जात होती. अक्कांनी उठून दाखवली. जुन्या गावातल्या किती घरांतून माणसं इकडे कामाला येत, दूध घालायला येत, तेही सांगितलं. संशयाचा एक शब्द त्यात नव्हता.

बोर्ड बदलायला पावसाळा उलटून गेला. अक्कांना मधल्या काळात खात्री होती की बिल्डरनं अहवाल दाबला. पण एके दिवशी जुन्या पायवाटेच्या जागी पांढरे पट्टे आखले गेले, दुभाजक तिथे तोडला, दोन्ही बाजूंना उंचवटे आले आणि तेवढ्या पट्ट्यात लाल वर्तुळात ‘४०’ लागलं. मंजुनाथनं फोन करून मला कळवलं. त्याला कळवायची काही गरज नव्हती.

त्या दुपारी अक्कांनी माझी बेल वाजवली. बोर्डाबद्दल काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “तुला पलीकडं काय काम हाय काय?”

“आहे,” मी म्हटलं.

पट्ट्यांशी आलो तेव्हा एक गाडी हळू झाली, थांबली. अक्कांनी ड्रायव्हरकडे बघितलं नाही. त्यांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. दुभाजकाच्या मोकळ्या जागेत आम्ही दम घेतला, मग उरलेला अर्धा रस्ता. वेंकटम्मा पाइपावरून उठली नव्हती. नुसती थोडी सरकली आणि शेजारची जागा पदरानं पुसली.

अक्का बसल्या. वेंकटम्मानं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मोठ्यानं, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं विचारलं, “ऊटा आयता?” जेवण झालं का?

जेवणवेळ केव्हाच टळून गेली होती. अक्का म्हणाल्या, “आयतु.” वेंकटम्मानं त्यांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि स्वतःच्या घरातली कसलीतरी तक्रार सांगायला सुरुवात केली.

मी निघाले तशी अक्का मागून म्हणाल्या, “अंधार पडायच्या आत ये गं न्यायला.”

मी बरीच आधी गेले. उन्हं अजून होती. पलीकडे त्यांचं बोलणं रंगात आलेलं दिसत होतं, मोठमोठ्यानं, हातवारे करून. म्हणून मी अलीकडेच थांबले.