सत्त्याण्णव हजार काटे पाणी

एका जंगलात एक तळं होतं, मुलांनो. आपल्या जंगलात नव्हे हं. आपल्याकडे असलं काही होत नाही. हे फार लांबचं जंगल. हसायचं नंतर, आधी ऐका.

त्या तळ्याचं पाणी मोजायचं काम कोंडाजी कासवाकडे होतं. त्याच्या आज्याकडेही तेच होतं. मोजायची रीत साधी. साळिंदरीण दर उन्हाळ्यात आपला एक लांबसडक काटा काढून द्यायची. काट्यावर दहा पट्टे, पाच काळे नि पाच पांढरे. घाटाच्या दगडापाशी काटा पाण्यात उभा धरायचा, एक काटा बुडाला की त्यावर पुन्हा काटा, आणि मग खच्चून ओरडायचं, "चार काटे, दोन पट्टे!" ऐकणारे ऐकायचे आणि आपापल्या कामाला लागायचे.

त्या जंगलाचा एक जुना कायदा होता. पाणी एका काट्याच्या खाली गेलं की राजाने डरकाळी फोडायची. डरकाळी झाली की सगळ्यांनी उठून नदीवर जायचं, आणि धावणाऱ्यांनी रांगणाऱ्यांना पाठीवर घ्यायचं. हरणाला नदी अर्ध्या दिवसाची. कोंडाजीला बारा दिवसांची, तीही तापलेल्या माळावरून. त्याची शेजारीण गोगलाबाई गोगलगाय. तिला नदी किती दिवसांची ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तिच्या घराण्यात पायी कुणी पोचलंच नव्हतं. तर या दोघांचा जीव त्या एका डरकाळीत अडकलेला. हे नीट ध्यानात ठेवा.

त्या वर्षी वाघोबा महाराजांनी नवा प्रधान नेमला. मर्कटराव. तीन वर्षं सर्कशीत काढून आलेले, म्हणजे जग पाहिलेले!

आल्या आल्या ते कोंडाजीला म्हणाले, "ओरडता काय असे? खेडवळ कुठले! आकडा दगडावर लिहा. लिहिलेलं टिकतं."

खरं सांगायचं तर कोंडाजी हुरळला. आज्याचं आयुष्य नुसतं ओरडण्यात गेलं, आपण लिहिणार! त्याने काटा बुडवला आणि दगडावर कोरलं, ३.४. टिंबाच्या डावीकडे काटे, उजवीकडे पट्टे.

महाराज पाहायला आले. "चौतीस! वा!"

"चौतीस नव्हे महाराज, मधे टिंब आहे."

महाराजांनी डोळे बारीक केले. "हे होय? हे माशीने केलंय."

मर्कटरावांनी वाकून पाहिलं. टिंब म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण सर्कशीत ते एक गोष्ट पक्की शिकले होते. चाबूक कुणाच्या हातात आहे ते आधी पाहायचं.

"माशीच, महाराज," ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी पाणी उतरलं. मर्कटरावांनी फर्मान काढलं, "आणखी अचूक मोजा." एका पट्ट्यावर दहा मुंग्या रांगेत उभ्या राहतात. तेव्हा पट्टे मोजून उरेल ते पाणी मुंग्यांनी मोजायचं. कोंडाजीने मोजलं आणि कोरलं, २.८५.

"दोनशे पंच्याऐंशी!" महाराजांनी शेपटी आपटली. "चौतिसाचे दोनशे पंच्याऐंशी! भर उन्हाळ्यात! मर्कटराव, काय केलंत काय तुम्ही?"

"आपलीच कृपा," मर्कटराव म्हणाले. त्यांनाही ते खरं वाटू लागलं होतं.

पाणी एवढं वाढलं म्हटल्यावर उधळायला काय हरकत? हत्तींना रोज दोनदा डुंबायची मुभा मिळाली. महाराजांच्या गुहेसमोर हत्तींच्या सोंडांचं कारंजं सुरू झालं. शेजारच्या जंगलाला आमंत्रण गेलं, या, प्या, लाजू नका. पाणी भराभर खाली जाऊ लागलं. मग मुंगीचेही दहा भाग करायचे ठरलं, एकेक परागकणाएवढे. कोंडाजीने कोरलं, १.९०७.

"एक हजार नऊशे सात!" महाराज म्हणाले. "पण हे शून्य कशाला मधे?"

"महाराज, नऊ पट्ट्यांच्या पुढे एकही मुंगी भरली नाही," कोंडाजी म्हणाला. "पण म्हणून तिची जागा काढून टाकता येत नाही. काढली तर परागकण सरकून मुंगीच्या जागी बसतील आणि सातच्या सात मुंग्या होऊन बसतील."

"पाण्यात मुंग्या?" महाराज शहारले. "मर्कटराव, आधी त्या काढा."

कोंडाजीने मान आत ओढून घेतली.

त्या संध्याकाळी गोगलाबाई घाटाच्या दगडावर आली. म्हणजे सकाळीच निघाली होती, संध्याकाळी पोचली.

"कोंडाजीभाऊ, मला ते आकडे कळत नाहीत बाई. पण काल माझं घर पाण्याच्या कडेला होतं. आज पाणी हरवलंय. डरकाळी कधी व्हायची?"

"होईल हो," कोंडाजी म्हणाला. आणि काटा उचलून पुन्हा मोजायला उतरला.

आठ दिवसांत पाणी एका काट्याच्या खाली गेलं. मर्कटराव आता परागकणांचेही भाग मोजायला लावत होते. आपण काय मोजतोय हे कोंडाजीलाही कळेनासं झालं होतं, तरी त्याने कोरलं, ०.९७३४८.

"महाराज, काटा पुरता बुडतही नाही! कायद्याप्रमाणे डरकाळी फोडा!"

महाराजांनी आकडा वाचला. "पुढच्या शून्याला किंमत नसते, एवढं आम्हालाही कळतं. सत्त्याण्णव हजार तीनशे अठ्ठेचाळीस!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तळ्यापेक्षा जास्त असेल.

"अजून एक आकडा वाढू द्या, महाराज," मर्कटराव म्हणाले. "लाखाच्या घरात गेलो की लक्षजल महोत्सव करू!"

"अहो, जरा पाण्यात उतरून तरी पाहा," कोंडाजीने हात जोडले.

महाराज उतरले. पाणी कसंबसं पंजे बुडण्याइतकं होतं.

"पूर्वी पोटाला लागायचं नाही का हो?"

"महाराजांची उंची वाढली," मर्कटराव म्हणाले.

महाराजांना ते पटलं. पटणारच! कुणाला नाही पटणार?

त्या दिवशी कोंडाजी काही खाऊ शकला नाही. महोत्सव झाला की तळ्यात चिखल उरणार. मग हरणं पळतील. गवे पळतील. डरकाळी न होता पळापळ झाली तर पाठीवर कोण कुणाला घेणार? आणि गोगलाबाई? ती तर माळाच्या कडेपर्यंत जातानाच वाळून जायची. या विचाराने त्याला रडूच आलं. मग एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. महाराजांना पाणी दिसत नव्हतं. त्यांना आकड्याची लांबी दिसत होती.

सकाळी उजाडताच तो दगडापाशी गेला. कालचा आकडा त्याने घासून काढला आणि तिथे एकच आकडा कोरला, २. घराण्यात पहिल्यांदाच कुणी खोटं लिहीत होतं. तेही कमी करून नव्हे, मुलांनो. होतं त्याच्या दुप्पट!

महाराज आंघोळीला आले, दगडाकडे पाहिलं आणि जागीच बसले.

"दोन? काल सत्त्याण्णव हजार, आज दोन?"

आणि त्यांनी जी डरकाळी फोडली, तिने झाडांवरची पाखरं उडाली. घाबरून का होईना, डरकाळी ती डरकाळी. हरणांच्या पाठी सवयीने वाकल्या. बेडूक चढले, सरडे चढले. सगळं जंगल नदीकडे निघालं.

मर्कटराव मात्र कोंडाजीकडे बोट दाखवून किंचाळले, "चोर! एका रात्रीत सत्त्याण्णव हजार तीनशे सेहेचाळीस काटे पाणी पळवलं याने! धरा, नाहीतर पळून जाईल!"

कासव पळून जाईल! पण एकानेही हसून दाखवलं नाही. कोंडाजीला वेलींनी बांधून थेट हत्तीवर चढवलं. गोगलाबाई आपल्या तीन बहिणींसह त्याच्या पाठीला आधीच चिकटून बसली होती. मर्कटरावांनी पाठीवरून बोट फिरवलं, ते ओलं झालं.

"पाहा महाराज, मुद्देमाल!"

अर्ध्या दिवसात सगळे नदीवर पोचले. पोटभर प्याले. वासरं पाण्यात लोळली, गोगलाबाई ओल्या शेवाळात शिरून "आई गं!" म्हणाली. कोंडाजीला वाटलं, आता फाशी झाली तरी चालेल.

पण महाराज म्हणाले, "मर्कटराव, ही नदी मोजा."

मर्कटरावांनी काट्यावर काटा धरत मोजलं आणि वाळूत लिहिलं, ९.

"फक्त नऊ?" महाराजांच्या मिशा थरथरल्या. "तिकडे सत्त्याण्णव हजारांचं आमचं तळं! पाणी तिथेच कुठेतरी पुरलेलं असणार. चला परत, खणून काढू! सगळ्यांनी चला!"

जंगल उभं राहिलं. राजाचा शब्द, मोडणार कोण? हरणं पुन्हा वाकली. गोगलाबाईने शेवाळातून मान बाहेर काढली आणि कोंडाजीकडे पाहिलं.

"थांबा!" कोंडाजी ओरडला. आज्यासारखाच, खच्चून. "महाराज, प्रधानजींनी घाईत मोजलं. अचूक मोजायचं राहिलं. माझा एक हात सोडा."

सोडला. त्याने काटा पाण्यात धरला. बरोबर नऊ काटे. वर पट्टा नाही, मुंगी नाही, परागकण नाही. जे जे नव्हतं त्याची जागा त्याने मन लावून शून्याने भरली. वाळूत आकडा उमटला, ९.०००००.

यात एक अक्षर खोटं नव्हतं बरं का.

"नऊ लाख!" महाराजांनी वाळूतच फतकल मारलं. "इथेच राहायचं! मर्कटराव, तुम्हाला जलवृद्धिभूषण!"

"आणि या चोराचं काय, महाराज?"

"चोरीचं पाणी इथे सापडलं ना व्याजासकट? सोडा त्याला."

वेली सोडताना मर्कटराव कोंडाजीच्या कानाशी वाकले. "ए, खरं सांग. ते मधलं काय रे होतं?"

कोंडाजीने एकदा नदीकडे पाहिलं, एकदा गोगलाबाईकडे.

"माशी," तो म्हणाला.

तात्पर्य: तुमच्या बाई सांगतील, मुलांनो, की टिंबाच्या उजवीकडे कितीही शून्यं दिली तरी किंमत वाढत नाही. परीक्षेत तसंच लिहा, मार्क मिळतील. पण पुढे कधी खरं बोलायची वेळ आली तर खिशात पाच-सहा शून्यं असू द्या.