वायसरभाऊंना आमचा मनापासून पाठिंबा

चांगल्या माणसांनी राजकारणात यावं, याबद्दल समाजात दुमत नाही. हे मत इतकं सर्वमान्य आहे की ते मांडायला धाडस लागत नाही, आणि त्यामुळे आजवर कुणाला इजा झाल्याची नोंदही नाही. आमच्या मतदारसंघात मात्र एक चांगला माणूस विधानसभेला खरोखरच उभा राहिला. त्याची हकीकत, पाठिंबा समितीचा चिटणीस या नात्याने, मी देत आहे.

उमेदवार व्यवसायाने प्लंबर. नळाचा वायसर बदलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, म्हणून सगळे त्यांना वायसरभाऊ म्हणत. (मतपत्रिकेवर खरं नाव छापून आलं तेव्हा हे गृहस्थ कोण, असं समितीतल्याच चौघांनी मला विचारलं.) ज्या दिवशी येतो म्हणत, त्याच दिवशी येत. दाराशी पाय पुसत. काढलेला भाग हातात देऊन ‘हा बघा, इथे झिजला होता’ असं दाखवत आणि जाताना फरशी कोरडी करून जात. असा माणूस विधानसभेत गेलाच पाहिजे, हे कुणालाही पटेल.

ते हौसेने उभे राहिले नव्हते. त्यांच्या गल्लीत एका महिन्यात एकोणीस जणांना कावीळ झाली. त्यात त्यांची मुलगीही होती. वायसरभाऊंनी स्वतः खड्डा खणून पाहिलं. पिण्याच्या पाण्याचा मुख्य पाइप गंजून चाळणी झाला होता आणि त्याच्या वीतभर वरून सांडपाण्याचा पाइप, तोही गळका, निवांत पहुडला होता. त्यांनी पाणी खात्याला चौदा अर्ज केले. तेरा अर्जांना उत्तर आलं, ‘विषय विचाराधीन आहे.’ चौदाव्याला उत्तर आलं, ‘आपण कोण?’

“आता कोणीतरी व्हायलाच पाहिजे,” ते बायकोला म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी उमेदवारी अर्ज भरून आले.

विद्यमान आमदार सलग तीनदा निवडून आले होते. त्यांच्याविषयीचं आमचं मत छापण्याजोगं नाही. त्यामुळे वायसरभाऊंची बातमी फुटताच वस्तीत चैतन्य पसरलं आणि आठवड्याभरात दोनशे बारा सभासदांची समिती उभी राहिली. अध्यक्षपदी निवृत्त मुख्याध्यापिका बाई, उपाध्यक्षपदी औषधाच्या दुकानाचे मालक. घोषणा ठरवण्यासाठी एक उपसमिती नेमली. तिच्या तीन बैठका झाल्या, कारण ‘गळती थांबवा’ या घोषणेत गळती आधी यावी की थांबवा, यावर मतभेद होते. घरोघरी केलेल्या पाहणीत चारशे अकरापैकी चारशे अकरा घरांनी ‘मनापासून पाठिंबा’ नोंदवला. (एक घर बंद होतं. त्यांचा पाठिंबा शेजाऱ्यांनी कळवला.)

मग प्रचार सुरू झाला. रोज साठ घरं करायची, असा आराखडा मी स्वतः आखला होता. पहिल्या दिवशी सात झाली.

“अय्या, वायसरभाऊ! मत तुम्हालाच हो,” पहिल्या दारातल्या मावशी म्हणाल्या. “आलाच आहात तर आमचा फ्लश बघता का? सारखा वाहतो.”

भाऊंनी पत्रकं माझ्या हातात दिली आणि बाह्या वर केल्या. दुसऱ्या घरी बेसिन तुंबलं होतं. तिसऱ्या घरी काहीच बिघडलं नव्हतं, पण बिघडेल की काय अशी शंका होती. चौथ्या दिवसापासून ते एका खिशात पत्रकं आणि दुसऱ्या खिशात वायसर घेऊन निघू लागले. प्रचाराच्या तीन आठवड्यांत मतदारसंघातली पाण्याची गळती लक्षणीय प्रमाणात घटली. हे काम कुठल्याही आमदाराने आजवर पूर्ण कारकिर्दीत केलेलं नाही, हे नम्रपणे नमूद करतो. आमदारसाहेबांच्या बंगल्यावरचा गीझरही याच काळात दुरुस्त झाला. “या माणसाला माझाही मनापासून पाठिंबा आहे,” असं साहेबांनी जाहीर सभेत सांगितलं. टाळ्या पडल्या.

भाऊंनी भाषण एकच केलं, चौकात, तीन मिनिटांचं. त्यांनी त्या पाइपचा हातभर तुकडा कापून आणला होता. तो त्यांनी डोळ्याला लावला आणि पाइपच्या भिंतीतल्या भोकांतून आमच्याकडे पाहिलं. “मला तुम्ही सगळे दिसताय,” ते म्हणाले. “हे तुम्ही पिताय.” मुख्याध्यापिका बाईंनी डोळे पुसले. औषधवाल्यांनीही पुसले. निवडून आल्यावर पाइपचं काम हातात घ्यायचं म्हणून नवी कामं घेणार नाही, असंही भाऊंनी शेवटी सांगितलं. ते वाक्य टाळ्यांत नीट ऐकू आलं नाही, असं मला तेव्हा वाटलं.

ते सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं. पुढच्या बैठकीत बाईंनी सहज म्हणून विचारलं, “निवडून आल्यावर यांना राजधानीत राहावं लागेल का हो?”

“अधिवेशनापुरतं. वर्षातून तीनदा,” मी म्हणालो.

“आणि तेव्हा इकडे एखादा नळ निखळला तर?”

सगळ्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. बाईंच्याच स्वयंपाकघरात उमेदवार ओट्याखाली शिरून पक्कड मागत होते, तेवढा आवाज आला. ‘सदर विषय विचाराधीन ठेवावा’ असा ठराव एकमताने मंजूर झाला.

इथून पुढचा विचार समितीच्या प्रत्येक सभासदाने स्वतंत्रपणे, आपापल्या घरी आणि अतिशय प्रेमापोटी केला. राजकारण माणसाला बिघडवतं. भाऊ सज्जन आहेत. सज्जन माणसाला बिघडू देणं हे त्याच्या हितचिंतकांना शोभत नाही. शिवाय आपण एकट्याने मत दिलं नाही म्हणून काय होतंय? चारशे दहा घरं आहेतच की! या विचारात मला अजूनही तार्किक दोष सापडलेला नाही.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी भाऊंच्या बायकोने मला दारातच थांबवलं. “भावजी, खरं सांगा. किती पडतील? हे रात्रंदिवस लोकांच्या मोऱ्यांत वाकलेत. पाठ धरलीय त्यांची.”

“वहिनी, काळजीच करू नका,” मी म्हणालो. “एक घर आपल्याविरुद्ध नाही.” यातला शब्द न् शब्द खरा होता.

मतदान गुप्त असतं आणि ही गुप्तता लोकशाहीचा आत्मा आहे, म्हणून माझ्या मताबद्दल मी काही सांगणार नाही. एवढंच नोंदवतो, की आमच्या न्हाणीघराची भिंत त्या दिवशी अर्धी फोडलेली होती.

निकाल लागला. विद्यमान आमदार चौथ्यांदा निवडून आले. वायसरभाऊंना एकोणचाळीस मतं पडली.

समितीने तातडीची बैठक घेतली. दोनशे बाराच्या दोनशे बारा सभासदांनी आपलं मत भाऊंनाच दिल्याचं शपथेवर सांगितलं. बाईंचा आवाज सगळ्यात मोठा होता. मतमोजणीत घोळ झाल्याचं उघड होतं. फेरमोजणीची मागणी एकमताने मंजूर झाली आणि एकमतानेच पाठवायची राहून गेली.

मी सांत्वनाला गेलो तेव्हा भाऊ पायरीवर बसून केंद्रवार आकड्यांचा कागद वाचत होते. मुलगी शेजारी बसली होती. अंगाने अजून भरली नव्हती. वहिनींनी आतून विचारलं, “आपल्या गल्लीत किती?”

“अकरा.”

वहिनी बाहेर आल्या. “एकोणीस जण आजारी होते ना हो?”

भाऊंनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली आणि पुन्हा घातली. रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्याजवळ रागावर चार समजुतीचे शब्द तयार होते. ते फक्त म्हणाले, “चिटणीस, तुमची भिंत उघडी आहे. उद्या येऊन बंद करतो.” आले, भिंत बंद केली, फरशी पुसली आणि गेले. त्या क्षणी मला जे वाटलं ती लाज होती की सुटका, हे ठरवण्यासाठी अद्याप उपसमिती नेमलेली नाही.

दोन महिन्यांनी ते गाव सोडून गेले. दूरच्या एका शहरातल्या पाणी खात्याने ते चौदा अर्ज कुठूनसे मिळवून वाचले होते. इतके नेमके अर्ज लिहिणारा माणूस आपल्याकडे हवा, असं तिथल्या इंजिनिअर बाईंचं म्हणणं पडलं आणि पाइप तपासनीस म्हणून त्यांना बोलावून घेतलं. तिकडे मुलीची तब्येत चांगली सुधारली, असं कळतं. आम्ही निरोप समारंभ केला. भाऊंना रजा नव्हती, म्हणून त्यांच्या अनुपस्थितीत केला. ‘असा माणूस आमदार व्हायला हवा होता,’ असं नऊ वक्त्यांनी सांगितलं. श्रोते गहिवरले. बाईंच्या घरचा नळ तेव्हापासून गळतो आहे आणि पाइप जमिनीखाली आहे तसाच आहे.

आपण त्यांना मत दिलं असतं, याबद्दल, वाचकहो, माझ्या मनात शंका नाही. आजवर ही हकीकत ज्यांना ज्यांना सांगितली त्या प्रत्येकाने तेच सांगितलं. आणि मग, थोडं थांबून, आवाज किंचित खाली आणून, तुम्ही आत्ता जे विचारणार आहात तेही विचारलं. त्याचं उत्तर देऊन ठेवतो: हो, कधीमधी येतात ते इकडे, रविवारी. पण तुमच्या आधी बेचाळीस जणांनी नंबर लावला आहे.