उजव्यांच्या राज्यात धोंडोपंत

एके दिवशी सकाळी मी कचेरीला निघालो, तर आमच्या अंगणाचं फाटक मला उघडेना. रोज जिथे कडीला हात जायचा तिथे बिजागऱ्या, आणि बिजागऱ्या असायच्या तिथे कडी. हे ध्यानात येण्याआधी मी फाटक ढकललं, ओढलं, शेवटी खांदा लावला. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी ते अलगद उघडलं आणि मी पागोट्यासकट शेजाऱ्यांच्या तुळशीपुढे साष्टांग पडलो.

"पाहा! एका सकाळीत दमलात," माझ्यावर वाकून शेजारचे धोंडोपंत म्हणाले. "मी जन्मभर असाच पडतोय, विनायकराव. मला उचलायला कुणी येत नाही."

उचललं त्यांनी मलाही नाही.

फाटक दोन्ही घरांना सामाईक होतं. ते फिरवण्याआधी निदान मला विचारायचं, असं मी म्हणालो. त्यावर, "पूर्वी बसवलं तेव्हा मला कुणी विचारलं होतं?" हा त्यांचा सवाल. मी सुतार बोलावून ते पुन्हा सुलटं करून घेतलं. आठवड्याच्या आत ते पुन्हा उलटं झालं. शेवटी मी कुंपणाला एक भगदाड पाडलं आणि शिरस्तेदाराचा मुलगा असूनही त्यातून ओणवा होऊन जाऊ लागलो.

कल्याणात नुसतं धोंडोपंत म्हटलं तर घर सांगावं लागे. डावरे धोंडोपंत म्हटलं की बंदरावरचा तांडेलसुद्धा बोट दाखवी. उंच, सडपातळ माणूस, पन्नाशी उलटलेली, बायको फार पूर्वी गेलेली, मूल नाही. मामलेदार कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचे आणि उरलेला सगळा दिवस जगाशी भांडण्यात घालवायचे. भांडण एकाच गोष्टीवरून. हे सगळं जग उजव्या माणसांनी उजव्या माणसांसाठी बांधलंय आणि त्यात डावऱ्या माणसाला भाडेकरूसारखं राहावं लागतं.

विहिरीचा रहाट उलट्या अंगाला लागला, शिंप्याच्या कात्रीनं कापड चावलं, दुकानदारानं पुडी उजव्या हातात कोंबली, की लगेच ते लांब श्वास सोडून म्हणत, "चालू द्या. राज्य तुमचं आहे."

हे वाक्य ते एकदा फिरतीवर आलेल्या गोऱ्या साहेबासमोर बोलले. साहेबानं त्यांना सही करायला आपली लेखणी दिली होती आणि ती उजव्या हातात धरा असं खुणेनं सांगितलं होतं. धोंडोपंतांनी मान हलवली आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "चालू द्या. राज्य तुमचं आहे." साहेबानं अर्थ विचारला. मामलेदारांनी कपाळावरचा घाम पुसत सांगितलं, हा माणूस फार राजनिष्ठ आहे. साहेबानं त्यांच्याशी हस्तांदोलन करायला हात पुढे केला. धोंडोपंतांनी कुठला हात दिला हे सांगायला नकोच.

भाषेवरही त्यांचा राग होता. संध्याकाळी ओटीवर येऊन बसले की सुरू. "मुलगी चांगल्या घरी दिली की म्हणायचं उजवली. आणि भावाला वाटणीत बुडवलं की म्हणायचं डावललं! का हो? बुडवणारा हात उजवाच असतो ना?"

"लोक म्हणतात तसं आपण म्हणायचं," मी म्हणे.

"सोपं काम असलं की डाव्या हातचा मळ! एकदा या डाव्या हाताने विहिरीतून घागर ओढून दाखवा म्हणजे मळ कुणाचा निघतो ते कळेल."

मी कचेरीतून थकून आलेला असे. पोटात कावळे ओरडत असत. आत बायको पानं मांडून खाकरत असे. आणि मी ओटीवर डाव्या हाताच्या बाजूनं किंवा विरुद्ध काहीही बोललो तरी जेवण आणखी लांबेल, एवढं ओळखून गप्प बसलेला असे.

गणपतीत तर त्यांनी कहर केला. आमच्याकडे पूजा आटोपल्यावर भटजी तीर्थ देत होते. धोंडोपंतांनी डावा तळहात पुढे केला. भटजींनी पळी मागे घेतली. "उजवा हात, धोंडोपंत."

"का?"

"शास्त्र आहे."

धोंडोपंतांनी मखराकडे बोट केलं. "ही मूर्ती डाव्या सोंडेची. होय की नाही? उजव्या सोंडेचा गणपती कडक, तो घरात आणायला तुम्हीच घाबरता. देवाची सोंड डावी असली तर तो शांत, प्रेमळ, घरात ठेवावा असा. आणि माझा हात डावा असला तर मी अमंगळ?"

भटजींची पळी हवेत राहिली. तीर्थ गळून चौरंगावर पडलं. आरतीला जमलेली मंडळी तोंडाला उपरणं लावून हसू लागली. भटजी मात्र त्यानंतर दोन वर्षं आमच्याकडे आले नाहीत आणि पूजेला मला थेट ठाण्याहून ब्राह्मण आणावा लागला.

ठाण्याचं नाव निघालं म्हणून चेंडूफळीचंही सांगतो. शाळेच्या हेडमास्तरांनी हा साहेबांचा नवा खेळ आमच्याकडे आणला आणि दुर्गाडीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत कचेरीतली तरुण मंडळी धोतरं खोचून पळू लागली. एकदा ठाण्याच्या वकिलांशी सामना ठरला. वकील आगगाडीने आले. मला पंच केलं, कारण मला खेळातलं काही कळत नव्हतं आणि त्यामुळे मी पक्षपात करणार नाही अशी सर्वांची खात्री होती. ऐन वेळी आमचा एक गडी तापाने पडला. बघ्यांतून धोंडोपंत पुढे आले, पागोटं काढून माझ्या हातात दिलं, आणि डाव्या हाताने असा चेंडू टाकला की समोरच्या वकिलाची मधली काठी उपटून मागे जाऊन पडली.

"हा चेंडू हिशेबात धरता येणार नाही!" वकील गरजले. "चेंडू या बाजूने येतच नाही."

"आला ना?" धोंडोपंत म्हणाले.

"नियमात बसत नाही."

"नियमात हाताने टाकावा म्हटलंय. कुठल्या हाताने ते दाखवा."

वकिलांना तेवढंच हवं होतं. त्यांचे सगळे सोबती मैदानाच्या मध्यावर गोळा झाले. एकाने नियमाचा अर्थ सांगितला, दुसऱ्याने हेतू सांगितला, तिसरा आपल्याच पक्षाविरुद्ध बोलू लागला. धोंडोपंत प्रत्येकाला उत्तर देत होते. मी मधे डोक्यावर एक आणि हातात एक अशी दोन पागोटी सांभाळत उभा. दोन्ही बाजू माझ्याकडे निकाल मागत होत्या आणि बोलू मात्र देत नव्हत्या. ऊन उतरलं, गाडीची वेळ झाली, वकील वाद घालत स्टेशनाकडे निघाले आणि धोंडोपंत वाद घालत त्यांना पोचवायला गेले. सामना कुणी जिंकला हे आजवर ठरलेलं नाही.

पण धोंडोपंतांचं खरं वैर होतं ते माझ्या वडिलांशी. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो आणि आळीही अण्णाच म्हणायची. अण्णा त्याच कचेरीत शिरस्तेदार होते आणि धोंडोपंत त्यांच्या हाताखाली. दौतीला डावा हात लागलेला अण्णांना खपत नसे. डाव्या हाताने धोंडोपंतांचं अक्षर मोत्याच्या सरीसारखं येई. उजव्या हाताने लिहिलं की कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखं. अण्णांनी त्यांना सगळी नोकरी उकिरडा उकरायला लावला आणि वर अक्षर वाईट म्हणून रोज बोलणीही दिली. दोघं निवृत्त झाले, पण भिंतीला भिंत लागून घरं. रस्त्यात समोरासमोर आले की अण्णा उजवीकडे बघत, धोंडोपंत डावीकडे, आणि दोघांच्या मधे उभा राहून मी आकाशाकडे.

दिवाळी होऊन थंडी पडली त्या सुमाराची गोष्ट. अण्णा सकाळी संध्येला बसले ते पाटावरून उठेनात. उजवं अंग गेलं होतं. वैद्य आले, मात्रा दिली, तेल चोळायला सांगितलं. वाणी जराशी जड झाली, पण रागावण्यापुरती शाबूत होती. पाय हळूहळू जमिनीला टेकू लागला. हात मात्र मेल्यासारखा मांडीवर पडून राही.

आणि अण्णांनी जेवण सोडलं.

डाव्या हाताने घास घ्यायचा नाही, हा जन्माचा नेम. माझी बायको भरवायला बसली तर तोंड फिरवत. "मी काय तान्हा आहे?" मी भरवायला गेलो तर माझ्याकडे अशा नजरेनं बघत की माझाच हात लुळा पडे. भटजींना मी हातापाया पडून आणलं. त्यांनी आजारात सगळं चालतं म्हणून सांगितलं, आधाराला श्लोक म्हटले. अण्णांनी ते शांतपणे ऐकले आणि त्यातली एक चूक दाखवली. जेवले नाहीत. दूध तेवढं भांडं टेकवून चार घोट घेत. बघता बघता माणूस वाळून गेला. वैद्यबुवा मला बाहेर नेऊन म्हणाले, "रोगानं नाही जायचे ते. उपासानं जातील."

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दारातून धोंडोपंत आत आले. सोवळं नेसलेले, बगलेत पाट, हातात केळीचं पान. मी आडवा झालो.

"धोंडोपंत, आज नको. ही वाद घालायची वेळ नाही."

"वाद घालायला नाही आलो. जेवायला आलोय. बाजूला व्हा."

अण्णांच्या पाटासमोर त्यांनी आपला पाट टाकला, पान मांडलं आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वाढ गं. दोघांनाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? तिनं भात वाढला, वरण वाढलं, वर तूप. धोंडोपंतांनी चित्राहुती घातली आणि सरळ डाव्या हाताने भात कालवायला घेतला.

आळीतल्या पंगतींत मी त्यांना उजव्या हाताने जेवताना पाहिलं होतं. वरण कोपरापर्यंत ओघळायचं, शेजारी बसणारा पान सरकवून घ्यायचा. हे काही निराळंच होतं. पानावर शीत इकडचं तिकडे नाही.

अण्णांचा चेहरा लाल झाला. "धोंडू... शरम नाही वाटत?"

"वाटते की. म्हणून तर रोज दार लावून जेवतो."

"कधीपासून?"

"लहानपणापासून चोरूनच. पुढे बायको आली. ती वाढायची आणि दारात पहाऱ्याला बसायची. कुणाची चाहूल लागली की बांगड्या वाजवायची, मी हात बदलायचा." त्यांनी घास घेतला, सावकाश चावला. "ती गेली. तेव्हापासून समोर कुणी नाही. कुणासमोर या हाताने जेवतोय तो आज, तुमच्यासमोर."

बायकोनं हळूच जाऊन मागचं दार लावून घेतलं.

बऱ्याच वेळानं अण्णांचा डावा हात पानाकडे गेला. मूठभर भात उचलला, तो दाढीवरून छातीवर सांडला. मी पुसायला धावलो.

"राहू दे!" दोघंही एकदम माझ्यावर खेकसले.

"मूठ कशाला आवळता?" धोंडोपंत म्हणाले. "बोटांनी घ्या. घास केवढा तो! लहान घ्या. अंगठ्यानं लोटा."

"मला जेवायला शिकवतोस?"

"शिकवतो. अंगठा!"

अण्णांनी अंगठ्यानं लोटलं. घास तोंडात गेला. माझी बायको पदर डोळ्यांना लावून चुलीपाशी जाऊन बसली.

त्या दिवसापासून धोंडोपंत रोज दुपारी हजर. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण जेवणाच्या वेळी घरात बसवेना. वरण आधी की भाकरी आधी, लिंबू कोणत्या बोटांनी पिळावं, कचेरीत अमुक कागद कुणी गहाळ केला, एकेका घासाला एकेक भांडण. अण्णा त्यांना गाढव म्हणत आणि ते अण्णांना शिकाऊ उमेदवार. अण्णांच्या अंगावर मांस चढलं. तोंडावर तजेला आला.

शिमगा झाल्यावर एका सकाळी मी माजघरात आलो तर मांजर दुधाच्या भांड्यात तोंड घालत होतं. मी ओरडणार तोच अण्णांनी शेजारचा वारा घ्यायचा विंझणा उचलून त्याला नेमका फेकून मारला. उजव्या हाताने.

"अण्णा!"

"हळू!" त्यांनी दाराकडे पाहिलं. "ओरडतोस काय?"

"हात सुटला की तुमचा! कधी? वैद्यांना सांगायला हवं. आता तुम्ही..."

"कुणाला सांगायचं नाही." त्यांनी हात पुन्हा मांडीवर निजवला. "धोंडूला कळलं तर उद्यापासून यायचा नाही तो. एकटा बसेल दार लावून."

मी कपाळाला हात लावला आणि कचेरीची वाट धरली. आळीच्या टोकाला धोंडोपंत भेटले. इकडेतिकडे बघून त्यांनी मला बाजूला घेतलं.

"विनायकराव, एक सांगतो, कुठे बोलू नका. अण्णांचा हात बरा झालाय. परवा खिडकीतून पाहिलं, चांगलं चंदन उगाळत होते."

"मग?" मी म्हणालो.

"मग काय? मी पाहिलं हे त्यांना कळू देऊ नका." जरा थांबून, दुसरीकडे बघत ते म्हणाले, "कळलं तर मला जेवायला यायला निमित्त काय राहील?"

दुपारी घरी आलो तर दोघं समोरासमोर पाटावर बसलेले. अण्णांचा उजवा हात मांडीवर लुळा पडला होता, पूर्वीपेक्षाही लुळा. धोंडोपंत त्यांना मोठा घास घेतला म्हणून रागावत होते आणि अण्णा निमूट ऐकून घेत होते. बायकोनं माझं पान वाढलं. मी खाली मान घालून जेवू लागलो. भरल्या पंगतीत एकटा मीच काहीतरी चुकीच्या हाताने जेवतोय असं सारखं वाटत राहिलं.