गरुडाचा शिक्का

कैरोतल्या शुब्रा मोहल्ल्यातल्या हाझिमनं लग्न ठरताना एकच अट घातली होती, आणि ती रीतसर, दोन्हीकडच्या मंडळींसमोर, हातात लाल सरबताचा पेला धरून घातली होती. 'अग्निवंश' नावाचा गेम बाजारात येईल, त्यातला ड्रॅगन तो मारेल, मग जन्मात कुठल्याही गेमला हात लावणार नाही, आणि मग निकाह. होणारे सासरे वग्दी अफंदी सरकारी कचेरीच्या खिडकीमागे हयात घालवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "ठीक. कामांचा क्रम लावलेला बरा."

नवरीनं, दालियानं, तेवढं विचारलं, "गेम येणारे कधी?"

"उद्या," हाझिम म्हणाला. "म्हणजे उद्या-परवा."

आता तो उद्या यायला कितीतरी वर्षं लागली. दर हिवाळ्यात नवी जाहिरात यायची, ज्वाळा, पंख, ढोलताशे, आणि खाली बारीक अक्षरात तारीख पुढे ढकललेली. तारखेबरोबर लग्नही पुढे. दालियाच्या आईनं संसारासाठी घेतलेल्या फ्रिजची गॅरंटी खोक्यातच संपली.

शेवटी गेम आला. हाझिमनं लांडग्यावर तलवार चालवली, ती लांडग्याच्या आरपार गेली आणि लांडग्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. घोडा भिंतीत शिरला तो तिथेच राहिला. एक म्हातारा जादूगार मरून पडल्यावरही आशीर्वाद देत होता. "सुरुवातीला असंच असतं रे," हाझिम आम्हा मित्रांना सांगायचा, आणि आम्ही 'खेळ, खेळ' म्हणायचो, कारण आम्हाला दालियाचं वाईट वाटायचं. तसाच रखडत तो गुहेपर्यंत पोचला. पहारेकरी म्हणाला, "गरुडाचा शिक्का दाखव."

मूळ गेममध्ये ती एक जादूची मुद्रा होती, गरुडाच्या आकाराची, कुठल्याशा संदुकीत सापडणारी. पण अरबी भाषांतर करणारा पडला आमच्या कैरोचा. त्याला गरुडाचा शिक्का एकच ठाऊक, सरकारी, निळ्या शाईचा, ज्याच्याशिवाय आमच्याकडे माणूस जन्मलाय हेही कुणी मानत नाही. त्यानं बिनधास्त तोच शब्द लिहिला. तक्रारी गेल्या. कंपनीनं कळवलं, शब्द बदलायला वरपर्यंतची मंजुरी लागते, गेम बदलणं त्या मानानं सोपं आहे. पुढच्या अपडेटमध्ये गुहेसमोर कचेरी उभी राहिली. दारावर पाटी: हत्यारं बाहेर ठेवावीत.

आत रांग. चेटकिणी, बुटके, शापित राजपुत्र, सगळे कागद घेऊन. हाझिम खिडकीशी वाकून म्हणाला, "पाशा, माझ्या राजा, एवढा शिक्का मारा की."

"उद्या या."

आणि गेमचं घड्याळ खऱ्या घड्याळाबरोबर चालत असल्यामुळे उद्या हा उद्याच यायचा.

लग्नाचं कुठवर आलं ते बघायला वग्दी अफंदींनी त्याला लॅपटॉपसकट घरी बोलावलं. चष्मा पुसून ते बघत राहिले.

"हा दांडगट कोण, रांगेत घुसतोय?"

"अम्मो, काका, तो मी."

"खिडकीला जाळीसुद्धा लावलीय," ते म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुन्हा पुसला.

नव्या अपडेटमध्ये योद्धा, जादूगार, चोर यांच्या शेजारी 'कारकून' होण्याचीही सोय होती. जगात कुणी तिकडे फिरकलं नव्हतं. वग्दी अफंदींनी मुलीचा लॅपटॉप मागून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून ते गुहेसमोरच्या त्याच खिडकीमागे रुजू झाले. सकाळी आठ ते दोन, मध्ये फुल, म्हणजे वालाची उसळ, आणि पाव खायला सुट्टी. सासरा-जावई एकाच सोफ्यावर, कोपराला कोपर.

"फोटो बदला. शिरस्त्राण घातलेला चालत नाही."

"अम्मो, मी हाझिम. तुमच्या शेजारी बसलोय."

"ओळख खिडकीतून असते, बाळा."

फोटो बदलला. मग ड्रॅगन हयात असल्याचा दाखला. "मेलेल्याला मारायची परवानगी कशी देऊ? मला नंतर जाब विचारतील. त्याला जातीनं हजर राहू दे."

ड्रॅगन आला. शेपूट दाराबाहेर ठेवून हाझिमच्या बरोब्बर मागे उभा राहिला. मान अगदी हाताशी, पण तलवार बाहेर जमा.

"आतले साहेब कसे आहेत?" ड्रॅगननं हळूच विचारलं.

"नियमाचे आहेत."

"मग बसूनच घेऊ," ड्रॅगन म्हणाला, आणि फुंकर मारून त्यानं अख्ख्या रांगेची चहाची किटली गरम करून दिली.

दालिया पेले न्यायला आली. "बाबा, मारा ना शिक्का. लग्न अडलंय कुणाचं, माझंच ना?"

"घरचं काम आहे म्हणून तर जास्त तपासायला हवं."

दालियानं पेले उचलले. बापाच्या खांद्यावरून ती पडद्यावरची खिडकी बराच वेळ बघत राहिली.

मग एके दिवशी हाझिमचे सगळे कागद बरोबर निघाले. वग्दी अफंदींनी ते उलटे धरले, उजेडात धरले. चूक सापडेना. बिचाऱ्यांचा चेहरा उतरला. मारला शिक्का. गुहेत ड्रॅगननं हाझिमची गळाभेट घेतली, मान खाली घातली आणि कसलाही आवाज न करता मेला. पडद्यावर 'अभिनंदन' आलं, तेही एक अक्षर गाळून.

हाझिम स्वयंपाकघराकडे धावला. आत दालिया द्राक्षाच्या पानात भात गुंडाळत होती. मधल्या छोट्या खिडकीतून त्यानं डोकं घातलं.

"मेला. चल, निकाहाची तारीख काढू."

तिनं मान वर केली नाही. "फोटो आणलायस?"

"दालिया, मी हाझिम."

"ओळख खिडकीतून असते," ती म्हणाली, आणि तिनं खिडकी अर्धी ओढून घेतली. "उद्या ये."

"उद्या म्हणजे?"

"उद्या. म्हणजे उद्या-परवा."

सोफ्यावरून वग्दी अफंदींनी मान डोलावली. पोरगी त्यांच्यावर गेली होती.

हाझिम अजून त्या खिडकीशी उभा आहे, आणि आम्ही मित्र येता-जाता त्याला हसतो. तुम्हीही हसा. फक्त हे वाचायला बसताना तुम्ही आतल्या खोलीत कुणाला तरी म्हणालात ना, "आलोच, एवढं संपवून"? ते माणूस आता खिडकी ओढून घेतंय.