अबू कुसैंचा अ‍ॅम्प आणि सात सिलिंडर

"मुंगीलासुद्धा कळणार नाही मी वाजवतोय ते!" अबू कुसैंनी बायकोला छाती ठोकून सांगितलं.

अबू कुसै म्हणजे अम्मानच्या अश्रफिया टेकडीवर तिसऱ्या मजल्यावर राहणारे भूगोलाचे निवृत्त मास्तर. जन्मभर पोरांकडून नद्यांची लांबी पाठ करून घेतली आणि साठी उलटल्यावर यांना साक्षात्कार झाला, की आपण मुळात गिटारवादक! गिटार मुलाची, कुसैची. तो नोकरीसाठी दुबईला गेला आणि ती पलंगाखाली राहिली. पण गिटारला अ‍ॅम्प लागतो, आवाज वाढवणारा तो दणकट खोका, आणि तो घरात आणला असता तर अर्धी इमारत बिऱ्हाड हलवून गेली असती. म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर बसवलं. त्यात जगातले नामांकित अ‍ॅम्प चित्रांसकट हजर. हवा तो निवडायचा, हेडफोन लावायचा, की कानात हुबेहूब त्या अ‍ॅम्पचा आवाज आणि घरात चिडीचूप.

कुसैच्या रिकाम्या खोलीवर त्यांच्या बायकोचा, इतिदालबाईंचाही डोळा होता. मकदूसच्या, म्हणजे अक्रोड भरून तेलात मुरवलेल्या वांग्यांच्या, चाळीस बरण्या त्यांना तिथे मांडायच्या होत्या. पण त्या मोठ्या मनाने म्हणाल्या, बसा खोलीत. शेजाऱ्यांची एक जरी तक्रार आली, तर गिटार पलंगाखाली आणि बरण्या टेबलावर. अबू कुसैंनी हसत हसत कबूल केलं.

पहिले दोन दिवस आवाजच आला नाही, कारण गिटारची वायर त्यांनी हेडफोनच्या भोकात खुपसली होती. तिसऱ्या दिवशी आवाज आला, पण उशिरा. तार आता छेडायची आणि सूर सावकाश, सरकारी उत्तरासारखा, मागाहून यायचा. मग सेटिंगमधले आकडे वरखाली करता करता मंगळवारी सकाळी एकदाचं जमलं. गिटार आणि कॉम्प्युटरच्या मध्ये बसणाऱ्या डबीला मागे दोन भोकं रिकामी दिसली. रिकामी जागा पाहिली की मास्तरांना राहवत नाही. टेबलामागे दोन वायरी लोंबत होत्या, त्यांनी त्या तिथे खोचून दिल्या. त्या वायरी खिडकीतून बाल्कनीत जात होत्या. कुसै तौजिहीला, म्हणजे बारावीला, पास झाला तेव्हा गल्ली हादरवायला आणलेले दोन काळे स्पीकर अजून तिथेच उभे होते. ते बंद करायचं तेव्हापासून कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मास्तरांनी साठ सालचा लंडनचा अ‍ॅम्प निवडला, सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली आणि सुरुवात केली. त्यांना एकच चाल येत होती. अम्मानमधल्या प्रत्येक पोराला अक्षरओळखीच्या आधी येते तीच, गॅसच्या गाडीची. गाडी सिलिंडर घेऊन गल्लीत शिरते ती हीच धून वाजवत. या गल्लीत मिस्बाहची गाडी यायची मंगळवारी आणि शनिवारी, दहाच्या सुमाराला.

मास्तर डोळे मिटून वीस मिनिटं वाजवत होते. दम खायला थांबले, हेडफोन काढला, तर खाली कालवा! खिडकीतून वाकून पाहतात तो सहा शेजारी, सात रिकामे सिलिंडर, आणि सगळ्यात पुढे स्वयंपाकघरातून सिलिंडर फरफटत उतरलेल्या इतिदालबाई. मास्तरांची नजर बाल्कनीतल्या गुणगुणणाऱ्या स्पीकरांवर गेली आणि सगळा उलगडा झाला.

पण त्यांच्यावर कुणाचा संशयच नव्हता! सगळे मिस्बाहला शिव्या घालत होते. मेला नुसता वाजवतोय आणि गाडी दडवून बसलाय म्हणे. मास्तरांनी फक्त तोंड मिटून मागे सरायचं होतं. खोली वाचली होती. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या उम्म राकान म्हणाल्या, "त्याचा भोंगा फुटलाय. सिलिंडर जिन्यावरून गडगडत गेल्यासारखा आवाज येतोय."

बाकी सगळं मास्तरांनी सोसलं असतं.

"भोंगा नाही तो!" ते खिडकीतून ओरडले. "साठ सालचा लंडनचा अ‍ॅम्प आहे! आणि वाजवतोय मी!"

इतिदालबाईंनी हातातला सिलिंडर खाली ठेवला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "उम्म राकान, तुमची काही तक्रार आहे का हो?"

"आहे की," उम्म राकान म्हणाल्या. "चार मजले उतरले मी. गुडघ्यांचं काय?"

संध्याकाळच्या आत खोलीत चाळीस बरण्या लागल्या. मिस्बाहची गाडी गॅरेजमध्ये होती, त्या मंगळवारी तो फिरकलाच नाही. शनिवारी मात्र ठरल्या वेळी आला, धून वाजवत गल्लीतून दोनदा वर-खाली गेला. एकही माणूस उतरला नाही. उम्म राकाननी वरून "अबू कुसै, आता पुरे" म्हणून खिडकी लावून घेतली. मास्तर धावत स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, अगं, खरी गाडी आहे, मी नाही वाजवत!

"हो का?" इतिदालबाई कणकेतून हात न काढता म्हणाल्या. "आधी बंद करा ते."

"पण मी तुझ्यासमोर उभा आहे!"

इतिदालबाईंनी वर पाहिलं, हात झटकले आणि त्या खिडकीकडे धावल्या. गाडी वळणापलीकडे गेली होती.

मंगळवारपासून घरोघर राखीव सिलिंडरवर भागलं होतं, तेही आता संपले. त्या दुपारी अख्ख्या इमारतीत चूल पेटली नाही. प्रत्येक बिऱ्हाडाने मास्तरांचा उद्धार केला. घरात जेवायला कालची रोटी आणि मकदूस. इतिदालबाईंनी बरणी त्यांच्यापुढे आदळली. मास्तर वांगं तोडता तोडता एकदम थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे बघ," ते म्हणाले, "कुणाला फरकच कळला नाही!"